चढावर थांबून निघणारा

रोज सकाळी ट्रॅक्टर सुरू करण्याआधी अप्पा मिसाळ हुकातली पीन काढून हातात घेत. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना जोडणारी ती लोखंडी खुंटी. कमरेच्या फडक्याने तिच्यावरचं जुनं वंगण पुसायचं, उगवतीकडे तोंड करून ती उजेडात फिरवायची, मधोमध झिजून खाच पडली आहे का ते अंगठ्याने चाचपायचं, मग नवं वंगण लावून ती जागेवर टाकायची. हंगामात ट्रॅक्टर अप्पांच्याच दारात उभा असे. ताईबाई चहाचा पेला घेऊन उंबऱ्यात थांबत आणि म्हणत, "झाली का पूजा?"

"पूजा न्हाय. हजेरी घेतो," अप्पा म्हणत, आणि तिथेच उभ्याने चहा पीत.

कळंबच्या बौद्ध वस्तीत अप्पांचं घर होतं, दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याचं छप्पर. तरुणपणी त्यांनी सोमेश्वरनगरला कारखान्याच्या टायरगाडीवर बारा हंगाम काढले होते. गाडी दुसऱ्याची, बैलही दुसऱ्याचे, पण बैलांच्या खांद्यांची काळजी अप्पांची. पुढे ते ट्रॅक्टर शिकले आणि गावातल्या हिंदुरावांकडे ड्रायव्हर म्हणून लागले. हिंदुरावांचा स्वतःचा ऊस होता, शिवाय कारखान्याशी ऊस वाहतुकीचा करार होता. एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. कार्तिकापासून चैत्रापर्यंत फडातून ऊस भरायचा, कारखान्यावर न्यायचा, काट्यावर वजन करायचं, नंबर लागेपर्यंत रांगेत थांबायचं, ट्रॉल्या रिकाम्या करून परत यायचं. अकरा वर्षं अप्पांनी हेच केलं.

आमच्याकडची जमीन सपाट, असं बाहेरची माणसं म्हणतात. रिकाम्या हाताने चालणाऱ्याला ती सपाटच वाटते. पण कालव्याचा भराव रानापेक्षा दोन पुरुष उंच असतो, आणि पलीकडे जायचं तर त्यावर चढावं लागतं. हिंदुरावांच्या मळ्यातून निघालं की सहाशे पावलांवर कालव्याचा पूल होता. पुलाचा चढ मुरमाचा, आखूड आणि उभा. पस्तीस हॉर्सपॉवरचा जुना ट्रॅक्टर दोन भरल्या ट्रॉल्या घेऊन त्या चढाला लागला की त्याचं तोंड उचलायचं. पुढची चाकं जमिनीपासून वीतभर वर जायची आणि स्टिअरिंग नुसतंच हातात फिरायचं. अशा वेळी अप्पा मागच्या चाकांच्या ब्रेकवर वळण सांभाळत. कधी डावा दाबायचा, कधी उजवा. ऊसतोड टोळीतल्या दोघांना ते आधीच बॉनेटवर बसवत. तोंड खाली राहावं म्हणून माणसांचं वजन. सगळेच तसं करत.

चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये शेजारच्या गावातला एक ड्रायव्हर अशाच चढावर मागे उलटला. ट्रॅक्टर त्याच्या अंगावर आला. अप्पा माती देऊन आले, अंघोळ केली आणि जेवायला बसले. ताईबाईंनी भाकरी वाढली नाही. हातात धरून ठेवली.

"तुमी बोलणार हाय का न्हाय?" त्या म्हणाल्या.

"काय बोलू?"

"टॅक्टर उलटला तर तो हिंदुरावांच्या अंगावर पडत न्हाय. तुमच्या पडतो. नवा घ्यायचा म्हनत्यात न्हवं? मग कुठला घ्यायचा ते तुमी सांगायचं. न्हाय ऐकलं तर हा हंगाम शेवटचा. मी खुरपायला जाईन, तुमी शेळ्या वळा."

"आन् दिशाचं कॉलेज?"

"दिशाला बाप लागतोय आधी."

मग त्यांनी भाकरी ताटात टाकली. बोलायचं आहे हे अप्पांना कळलं होतं. अकरा वर्षांत हिंदुरावांनी त्यांना कधी वाईट शब्द वापरला नव्हता. सल्लाही कधी विचारला नव्हता.

दसरा झाला आणि हिंदुराव नवा ट्रॅक्टर पाहायला बारामतीला निघाले. बरोबर मुलगा रणजित. तो शेतकी कॉलेज पुरं करून त्याच वर्षी घरी आला होता. जीप अप्पा चालवत होते, म्हणून अप्पाही गेले. दुकानाचे बापूसाहेब हसतमुख गृहस्थ होते. त्यांनी दोन खुर्च्या मांडल्या, दोन पेले पाणी मागवलं. अप्पा ट्रॅक्टरांजवळ उभे राहिले.

दुकानात एकाच कंपनीचे दोन ट्रॅक्टर होते. दोन्ही पंचेचाळीस हॉर्सपॉवरचे. एक नवा निघालेला, निमुळत्या तोंडाचा, चकचकीत. तो रस्त्याला तासाला तीस किलोमीटर पळायचा. दुसरा जुन्या घडणीचा, रुंद बसका, बॉनेट पेटीसारखं चौकोनी. तो तेवीस-चोवीसच्या वर जात नव्हता.

"नवाच घ्या," बापूसाहेब म्हणाले. "ताकद दोघांची सारखी. पण हा पळतो. दिवसाला एक खेप जास्त धरा."

रणजितच्या डोळ्यांत तो ट्रॅक्टर आधीच भरला होता. "आबा, हाच. पोरी बघायला गेल्यावर पहिलीच पसंत पडावी तसं झालंय बघा, पुढं बघायचं काम न्हाय."

हिंदुराव हसले. अप्पा मात्र दोन्ही ट्रॅक्टरांच्या मागच्या बाजूला वाकून हूक जमिनीपासून किती उंचावर आहे ते वितीने मोजत होते. निघताना त्यांनी बापूसाहेबांकडे दोन्ही ट्रॅक्टरांची छापील पत्रकं मागितली.

"इंग्लिशमध्ये आहेत, बरं का," बापूसाहेब म्हणाले.

"पोरगी वाचती," अप्पा म्हणाले, आणि पत्रकांची घडी करून खिशात ठेवली.

दिशा तेव्हा बारामतीला बारावीला होती, शास्त्र शाखेत. रोज एस.टी.ने जायची-यायची. संध्याकाळी ती दारातल्या उजेडात दोन्ही पत्रकं मांडीवर घेऊन बसली. अप्पा तिच्यासमोर उकिडवे. पानभर रंगीत चित्रं होती. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आकडे होते.

"हॉर्सपॉवर दोन्हीला पंचेचाळीस," दिशा म्हणाली. "पण नव्याला ती मिळते अडीच हजार फेऱ्यांना. म्हंजी इंजिन मिनिटाला अडीच हजार वेळा फिरतं तेव्हा. जुन्याला दोन हजारालाच."

"पुढं?"

"पुढं टॉर्क लिहिलाय."

"त्यो काय असतो?"

 वर्गात दिशाने सूत्र पाठ केलं होतं. सूत्र बापाला सांगून उपयोग नव्हता. तिने दावणीचा दोर उचलला, एक टोक त्यांच्या हातात दिलं, दुसरं आपल्या हातात धरून पिळलं. "तुम्ही धरून ठेवा. मी पिळतीय न्हवं, तो जोर. इंजिन चाकाला जो पीळ देतं, तो टॉर्क."

"पीळ म्हण की मग सरळ. कुणाचा किती?"

"नव्याचा साडेचौदा. तोही सतराशे फेऱ्यांना. जुन्याचा एकोणीस. आणि तो बाराशे फेऱ्यांनाच मिळतो."

 मग अप्पांनी जे सांगितलं ते दिशाला पुढे कॉलेजातल्या कुठल्याच पुस्तकात इतक्या सोप्या शब्दांत सापडलं नाही. चढ लागला की ओझ्याने इंजिनाचे फेरे कमी होतात, ते म्हणाले. पळणारा ट्रॅक्टर फेऱ्यांवर जगतो. फेरे पडले की त्याचा जीव जातो. दुसरा फेरे पडल्यावरच जोर काढतो. काही बैल असे असतात, मोकळ्या रानात चार पावलं मागे राहतील, पण चिखलात चाक रुतलं की मान खाली घालून उभे राहतात आणि मग हलतात.

"आन् वजन बघ किती लिवलंय."

"नवा सतराशे किलो. जुना एकवीसशे."

"एवढंच पायजेल हुतं," अप्पा म्हणाले. "माणसं बॉनेटवर बसवण्यापरीस ती लोखंडात घालूनच कंपनीनं दिली तर बरी."

दुसऱ्या दिवशी ते हिंदुरावांच्या अंगणात जाऊन उभे राहिले. हिंदुराव बाजेवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. रणजित मोटारसायकल पुसत होता.

"आबा, बोलायचं हुतं."

"बोल की."

"नवा घेऊ नगा. जुन्या घडणीचा घ्या."

अडकित्ता थांबला. रणजित हसला. "अप्पा, तुमाला अजून बैलाच्या चालीची सवय हाय. जग पळाय लागलंय."

"पळून कुठं जायचं, दादा? कारखान्याच्या रांगंतच न्हवं? अर्धा तास आधी जाऊन चार तास हुबं ऱ्हायचं, न्हायतर मागनं जाऊन साडेतीन तास. खेप येकच पडती."

 रणजितने हिशेबाची दुसरी बाजू काढली. "ताकद सारखीच हाय. कागदावर लिवलंय."

"कागद म्याबी बघितलाय," अप्पा म्हणाले. मग ते हिंदुरावांकडे वळले. आवाज चढला नव्हता, पण हात पाठीमागे घट्ट धरले होते. "आबा, नवा आणला तर मी दोन ट्रॉल्या वडणार न्हाय. येक वडीन. दोन वडायच्या तर दुसरा डायवर बघा. राग म्हणून सांगत न्हाय. ताईबाईनं शब्द घेतलाय."

हिंदुरावांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि चघळत राहिले. मळ्यातून पंपाचा आवाज येत होता. त्यांनी रागाने उत्तर दिलं असतं तर अप्पांना घरी जाणं सोपं गेलं असतं.

"बापूसाहेबांना सांगू," ते शेवटी म्हणाले. "दोन्ही टॅक्टर पाठवा म्हणावं. आपला ऊस, आपल्या ट्रॉल्या, आपला चढ. जो चढंल तो घ्यायचा. तुझं खरं निघालं तर तुझा, रणजितचं निघालं तर रणजितचा. कबूल?"

"कबूल. पर येक. चढावर निम्म्यात थांबवून परत काढायचा."

"का?" रणजितने विचारलं.

"समोरून पुलावर बैलगाडी आली तर तुमी तिला कालव्यात ढकलणार हाय का?"

गळीत सुरू झालं त्या आठवड्यात चाचणी झाली. सकाळी नऊचा सुमार. बापूसाहेब स्वतः आले होते, बरोबर दुकानाचा ड्रायव्हर. कालव्याच्या भरावावर पंधरा-वीस माणसं जमली. ऊसतोड टोळी पहाटेपासून दोन्ही ट्रॉल्या भरत होती. टोळीत साखरबाई नावाची बाई होती, बीडकडची. तिचा कोयता चाले त्याच्या दुप्पट जीभ चाले. अप्पा नेहमीप्रमाणे ट्रॉलीजवळ उभे राहून मोळ्या कुठे टाकायच्या ते सांगत होते. पुढच्या ट्रॉलीत ते ओझं जरा मागे ठेवायला लावत. ही त्यांची रीत सगळ्या टोळ्यांना पाठ होती.

आधी नवा ट्रॅक्टर जोडला. दुकानाच्या ड्रायव्हरने लांबून वेग घेतला, इंजिन किंचाळलं, पुढची चाकं दोनदा उचलली, आणि त्या दमात तो चढाच्या मध्यावर आला. तिथे ठरल्याप्रमाणे थांबला. परत निघायला क्लच सोडला तशी पुढची चाकं वर गेली आणि इंजिन बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद पडलं. तिसऱ्या वेळी जळक्या वासाचा धूर आला. टोळीतल्यांनी धावत जाऊन चाकांमागे दगड लावले.

"निम्म्यात थांबवायचं नसतं हो," बापूसाहेब म्हणाले. "चढावर कोण थांबतं?"

त्याला सोडून जुन्या घडणीचा ट्रॅक्टर जोडला. ट्रॉल्या खाली घेतल्या. आता अप्पा बसले. त्यांनी वेग घेतला नाही. पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालेल इतक्या चालीने ते चढाला लागले. इंजिनाचा आवाज खोल गेला, पण तुटला नाही. पुढची चाकं जमिनीवर होती. मध्यावर येऊन ते थांबले.  अप्पांनी क्लच सोडला.

मागची चाकं जागच्या जागी फिरली. मुरूम उडाला. ट्रॅक्टर बोटभरही पुढे गेला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. चाकांनी मुरमात दोन खळगे पाडले आणि त्यात ती बसली.

"अप्पा, तुमचा हत्ती बसला की वो!" साखरबाई ओरडली. "केळं दावा त्याला!"

माणसं हसली. रणजितही हसला, पण लगेच थांबला. तो वाईट नव्हता. "आबा, दोन्ही अडकले," तो म्हणाला. "मग पळणारा घेतलेला काय वाईट?"

 हिंदुरावांनी घड्याळात पाहिलं.

अप्पा खाली उतरले. चाकांमागे दगड लागले होते. त्यांना एक गोष्ट खटकत होती. इंजिन दमलं नव्हतं. चाकं फिरवायला त्याला काहीच त्रास झाला नव्हता. मग चाकं जमीन का धरत नव्हती? ते मागे जाऊन हुकाजवळ बसले. ट्रॉलीची लोखंडी दांडी हुकावर टेकायला हवी, ती वरच्या पट्टीला जाऊन भिडली होती. ट्रॉली ट्रॅक्टरला मागून वर उचलत होती.

ते तसेच बसून राहिले. पाहणाऱ्यांना वाटलं, माणूस खचला.

बैलगाडीला दोन चाकं असतात आणि तिचा सगळा तोल ओझ्याच्या जागेत असतो. ओझं पुढे गेलं तर जू बैलांच्या मानेवर बसतं, आठ दिवसांत खांदे सुजतात, कातडं सोलतं. म्हणून चांगला गाडीवान ओझं किंचित मागे ठेवतो. बारा हंगाम अप्पांनी बैलांचे खांदे असे राखले होते. त्यांच्या बैलांना कधी हळद लावावी लागली नव्हती, आणि ही गोष्ट ते अभिमानाने सांगत. पुढे हलक्या ट्रॅक्टरवर आले तेव्हाही ती रीत उपयोगी पडली, कारण त्याच्या हुकावर भार आला की त्याचं तोंड उचलायचं. दोन चाकांची ट्रॉली ते तशीच भरून घेत राहिले. आज एकवीसशे किलोच्या या लोखंडाचीही मान त्यांनी वाचवली होती, आणि त्यामुळेच त्याला जमीन धरता येत नव्हती.

ते उठले. फडक्याने हात पुसले.

"आबा, चूक माझी हाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "टॅक्टरची न्हाय. ओझं म्या मागं भरून घेतलं. बैलाची मान राखायची सवय. ह्याला मान न्हाय. ह्याच्या मागच्या चाकावर वजन पायजेल. पुढच्या ट्रॉलीतल्या मागच्या मोळ्या काढून म्होरं टाकू द्या. अर्धा तास द्या."

बापूसाहेबांना घाई होती. रणजित बापाकडे पाहू लागला. एवढ्या लोकांसमोर स्वतःहून चूक कबूल करणारी माणसं हिंदुरावांनी, दिशा सांगते, गावकीत फार पाहिली नसावीत. त्यांनी मान हलवली. "दिला अर्धा तास."

साखरबाईने पदर खोचला. "भरताना मागं, आता म्होरं! ऊस हाय का पाव्हणा, ह्या खोलीतनं त्या खोलीत न्यायला?" असं म्हणत तिनेच पहिली मोळी डोक्यावर घेतली. बघे म्हणून आलेले चौघे-पाच जणही ट्रॉलीवर चढले. सगळ्यांत शेवटी रणजितने चपला काढल्या आणि तो मोळ्या खाली देऊ लागला. खळग्यांत अप्पांनी खडी आणि उसाच्या शेंड्यांची वाढी टाकली.

ऊस पुढे आला तशी दांडी खाली बसली. ट्रॅक्टरचा मागचा टायर जमिनीवर किंचित पसरला. अप्पांनी ते पाहिलं, वर चढले आणि क्लच सोडला.

ट्रॅक्टर एकदा थरथरला. मग टायरचा एक दात मुरमात रुतला, दुसरा रुतला, आणि मागच्या तेरा-चौदा टनांसह ते सगळं हळूहळू वर सरकू लागलं. आवाज इतका खाली गेला की आता बंद पडेल असं वाटावं. पडला नाही. पुढची चाकं जमिनीला धरून होती, आणि अप्पांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. ब्रेककडे त्यांचा पाय गेला नाही. पुलावर पोचल्यावर ते थांबले आणि मागे वळून चढाकडे पाहत राहिले.

"आता नव्यालाबी ह्याच ट्रॉल्या जोडा," ते वरूनच म्हणाले. "न्हायतर दादा म्हणतील, अप्पानं ऊस आपल्या बाजूनं भरला."

रणजित लाजून हसला. पण ट्रॉल्या पुन्हा खाली नेल्या आणि नवा ट्रॅक्टर जोडला. हुकावर भार येताच चढाच्या पहिल्या दहा हातांतच त्याचं तोंड असं वर गेलं की दुकानाच्या ड्रायव्हरने घाबरून सगळं सोडलं आणि उडी मारायच्या बेताने उभा राहिला. दगड तयारच होते.

"हा ट्रॅक्टर वाईट नाही हो," बापूसाहेब घाम पुसत म्हणाले.

"वाईट कोण म्हणतंय?" अप्पा म्हणाले. "नांगराला, फवाऱ्याला, येका ट्रॉलीला लाख हाय. ह्याचं काम ह्यो न्हाय, एवढंच."

हिंदुराव पुलावर चढून आले. जुन्या घडणीच्या ट्रॅक्टरला त्यांनी चहूबाजूंनी फेरी घातली. "तू चालवणार?" त्यांनी विचारलं.

"चालवीन."

"दोन ट्रॉल्या?"

"दोन."

"मग बापूसाहेब, हा हितंच ठेवून जावा."

त्या संध्याकाळी ताईबाईंना बातमी आधीच कळली होती. साखरबाईने वाटेत सगळ्या वस्तीला हत्तीची गोष्ट सांगितली होती. अप्पा घरी आले तेव्हा ताईबाई पाणी घेऊन बाहेर आल्या. पाणी देऊन त्या दारात उभ्या ट्रॅक्टरकडे गेल्या, पुढच्या चाकाला हात लावला आणि तो जागचा हलतो का ते बघावं तसा दाबून पाहिला.

"जड हाय," त्या म्हणाल्या.

"व्हय. तेच बघून घेतला."

अप्पांनी पुढच्या आठवड्यात मागच्या टायरांत पाणी भरून घेतलं, तीन हिस्से पाणी, एक हिस्सा हवा, म्हणजे चाकं आणखी जड होतील. बॉनेटवर माणूस बसवणं त्यांनी बंद केलं. टोळीतला एकजण सवयीने चढला तर म्हणत, "उतर. ती जागा आता रिकामी ठेवायची." ओझं कुठे ठेवायचं ते त्यांनी खडूने ट्रॉलीच्या बाजूला रेघ मारून दाखवलं. दुसऱ्या हंगामात आजूबाजूच्या ट्रॉल्यांवरही तशा रेघा दिसू लागल्या. कुणी विचारलं तर ते आपली चूकच आधी सांगत, मग रीत.

रणजितचं आणि त्यांचं नंतर चांगलं जमलं. तो आकडे वाचून दाखवी, अप्पा त्याचा अर्थ लावत. ब्रेकचा विषय निघाला तेव्हा रणजित म्हणाला, "अप्पा, वडायच्या ताकदीचंच समदी विचारत्यात. थांबवायच्या ताकदीचं कुणी इचारत न्हाय."

"चढ दिसतो म्हणून," अप्पा म्हणाले. "उतार पाठीमागं असतोय. माणूस तिकडं बघत न्हाय." मग त्यांनी दोघांनी मिळून ट्रॉल्यांनाही ब्रेक बसवायचं मनावर घेतलं. बारामतीच्या एका वर्कशॉपात आठ दिवस खपून एका ट्रॉलीला ते बसवलेही. धड चालले नाहीत. दुसऱ्या वेळी बरे चालले.

हळूहळू माणसं येऊ लागली. ट्रॅक्टर घ्यायचा ठरला की इंदापूर-बारामतीच्या दुकानात जाण्याआधी कळंबला एक चक्कर. कुणी अप्पांना दुकानात बरोबर नेत. बापूसाहेबांनी आता तिसरी खुर्ची मांडायला सुरुवात केली होती, पण अप्पा ट्रॅक्टरच्या मागेच जास्त वेळ असत. ते कधी कंपनीचं नाव सुचवत नसत. ते विचारत, वाटेत चढ कुठं आहे, माती कसली आहे, आणि चालवणार कोण. शेवटच्या प्रश्नाला बरेच जण म्हणत, "बघू की, मिळंल कुणीतरी." मग अप्पा म्हणत, "आधी तो मिळवा. त्याला घेऊन या. मग टॅक्टर बघू."

दिशाने पदविकेला यंत्र अभियांत्रिकी घेतली. वर्गात ती धरून तीन मुली. पहिल्या तोंडी परीक्षेत तिला टॉर्क विचारला. तिने सूत्र सांगितलं, आणि मग न विचारता पिळाच्या दोराचं उदाहरणही. परीक्षकांनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? ती म्हणाली, घरी आहे.

अप्पा गेले ते अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात, हंगाम सुरू व्हायला महिना असताना. सकाळी हौदातून पाणी काढताना छातीत कळ आली आणि ते तिथेच कठड्याला टेकून बसले, ते उठले नाहीत. चार वर्षांत तो ट्रॅक्टर एकदाही चढावर तोंड उचलून उभा राहिला नव्हता. मातीला हिंदुराव आले, रणजित आला, बारामतीहून बापूसाहेब आले. वाहतुकीचे इतके ड्रायव्हर आले की कळंबच्या रस्त्यावर कालव्यापर्यंत ट्रॅक्टर उभे होते, बिनट्रॉलीचे.

अप्पा गेले त्याच्या आदल्या दिवशी वरकुट्याहून झुंबरराव आले होते. त्यांचा चार एकर ऊस, आणि भावकीत मिळून वाहतुकीचा करार घ्यायचा बेत. दोघं दुपारभर छपरात बोलत बसले. झुंबररावांनी तीन कंपन्यांची पत्रकं आणली होती. दिशा सुट्टीला घरी होती, ती वाचून दाखवत होती.

"चालवणार कोण?" अप्पांनी विचारलं.

"पुतण्या हाय माझा."

"त्याला इचारलं का?"

"त्याला काय इचारायचं, अप्पा? घरचाच हाय."

"घरचा हाय म्हणून तर इचारायचं. सोमवारी घेऊन या त्याला. चढ बघू, मग ठरवू. घाई न्हाय."

झुंबररावांना हे पटलं. त्यांनी पत्रकं गोळा केली आणि टोपी सारखी करून ते उठू लागले. उन्हं कलली होती. आतून ताईबाईंनी दोन ताटं आणून ठेवली. झुंबररावांनी ताटांकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. "आता कशाला," ते म्हणाले, "एस.टी. जाईल."

अप्पांनी त्यांच्याकडे पाट सरकवला.

"बसा वो, झुंबरराव. यस्टी दुसरी हाय. कोरड्यास गरम हाय तवर दोन घास खाऊन घ्या."